परळचं देणं

गेल्या संक्रांतीची गोष्ट. आमच्या आळीत नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून हळदीकुंकवाला आली होती. हळदकुंकू लावून झालं, तिळगूळ झाला, अत्तर झालं. निघताना तिनं इकडेतिकडे पाहिलं. वाण काही दिसेना! शेवटी तिची नजर देवघराजवळच्या पत्र्याच्या डब्यावर गेली. बाकीच्या जणी जाता जाता त्यात काहीतरी टाकत होत्या. डब्यावर कागद चिकटवलेला आणि त्यावर एकच शब्द, ‘परळ’.

‘‘काकी, परळ म्हणजे काय हो? मुंबईचं परळ?’’

सगळ्याजणी हसल्या. मग मी तिला बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. तेच आज तुम्हालाही सांगते.

मुंबईहून हायवेनं येताना सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरलं की सुरुवातीलाच लागतं ते आमचं शुक नदीकाठचं खारेपाटण. आता कोणाला खरं वाटणार नाही, पण हे एकेकाळचं भरभराटीचं बंदर. शिलाहार राजा रट्टराजाचा इ. स. १००८ चा ताम्रपट इथंच मिळाला. शाळेच्या पोरांना आम्ही हे कौतुकानं सांगतो. पण आमच्या आजी-पणजीच्या वेळेपासून इथल्या घराघरात जे नाव घेतलं जायचं, ते राजाचं नव्हे, परळचं! घरटी एक माणूस गिरणीत. परळहून मनीऑर्डर यायची, परळहून गणपतीला चाकरमानी यायचे. १९८२ चा संप झाला, गिरण्यांचे भोंगे हळूहळू बंद पडले. परळ मात्र आमच्या बोलण्यातून गेलं नाही. फक्त त्याचा अर्थ बदलला. आता ‘तिला परळला नेलं’ असं कोणी म्हटलं, की ऐकणारी बाई पदर तोंडाला लावते. काय झालंय, ते विचारावं लागत नाही.

सात वर्षांपूर्वी मलाही परळला नेलं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आंघोळ करताना डाव्या स्तनात आवळ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. घरात गणपती, चाकरमानी येणार, वीस माणसांचा स्वयंपाक. गणपती झाले, मग नवरात्र आलं, मग धाकटीची सहामाही परीक्षा. बाईला स्वतःसाठी वेळ काढायचा म्हटला की कॅलेंडरात एक रिकामा चौकोन सापडत नाही बघा! शेवटी जवळच्या शहरातल्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कसलीही तपासणी न करता ‘गाठी असतात बायकांना’ म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. त्यात आणखी दोन महिने गेले. लालबागची नणंद शिमग्याला आली, तिनं हात लावून पाहिलं आणि परतीच्या गाडीत मलाही बसवलं.

बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या दिवशी हे हॉस्पिटलच्या पायरीवर बसून राहिले. अठरा वर्षांच्या संसारात मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. धाकटी तेव्हा नऊ वर्षांची. माझ्या डोक्यात एकच हिशेब, हिची दहावी व्हायला सात वर्षं आहेत. देवा, तेवढी दे!

ऑपरेशन झालं, मग किमो, मग पाच आठवडे शेक. नणंदेची खोली दहा बाय बाराची, त्यात सहा माणसं. ऑपरेशनपुरती तिथं राहिले, पण पुढचे पाच आठवडे आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढले. हातात खापर आणि खराटा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या, अक्षरओळखही नसलेल्या या संतानं लोकांकडून पै-पैसा गोळा केला आणि धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी मात्र त्यातली एक खोलीही ठेवली नाही. त्यांच्या नावानं चालणाऱ्या या धर्मशाळेत आज टाटामध्ये येणारे शेकडो रुग्ण नाममात्र पैशांत राहतात. माझ्या शेजारच्या खाटेवर बंगालची एक बाई होती. तिला मराठी येत नव्हतं, मला बंगाली. पण किमोनंतर ओकारी आली की पाठीवरून हात कसा फिरवायचा, याला भाषा लागत नाही.

शेक घ्यायला जाताना वाटेत फुटपाथवर प्लास्टिक अंथरून राहिलेली माणसं दिसायची. मांडीवर केस गेलेलं लहान मूल आणि बाजूला फायलीची पिशवी. त्या वाटेवरच हरखचंद सावला यांच्या ‘जीवन ज्योत’ ट्रस्टचं काम पाहिलं. परगावच्या रुग्णांना जेवण, औषधं, लहानग्यांना खेळणीसुद्धा! आजारी मुलाला खेळणं हवं असतं, हे कोणाच्या तरी लक्षात आलं, याचंच मला रडू आलं.

आणि वॉर्डात आलेली ती बाई मी कधीच विसरणार नाही. साधी कॉटनची साडी, केसांत अबोलीचा गजरा. माझ्या खाटेवर बसून म्हणाली, ‘‘बारा वर्षांपूर्वी मीसुद्धा इथंच होते. माझंही हेच ऑपरेशन झालंय.’’ मी तिच्या केसांकडे पाहत राहिले. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं होतं, की केस परत येतात. पण विश्वास बसला तो तिचा गजरा बघून! ब्लाऊजच्या आत काय घालायचं, हात वर करायचे व्यायाम कसे करायचे, नवऱ्याशी काय बोलायचं, हे सगळं तिनं मला सांगितलं. डॉक्टरांना हे विचारायची माझी हिंमत झाली नसती.

नंतर कळलं, की अशा बऱ्या झालेल्या माणसांनीच पुढच्यांना हात द्यायचा, हे काम जगात बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. न्यूयॉर्कमध्ये टेरीज लासर नावाच्या बाईनं स्वतःच्या स्तनाच्या ऑपरेशननंतर १९५२ मध्ये त्याची सुरुवात केली. आपल्या मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः या आजारातून बाहेर पडल्यावर १९९४ मध्ये ‘व्ही केअर’ संस्था काढली आणि बरे झालेले रुग्णच तिथं स्वयंसेवक म्हणून उभे राहिले. पुण्याच्या डॉ. सुनंदा अवचट यांचं उदाहरण तर डोळ्यांत पाणी आणणारं. पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारानं १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, ते त्यांनी वाढवलं. कर्करोगाशी झगडतानाही १९९७ मध्ये जाईपर्यंत त्या दुसऱ्यांच्या संसारांना सावरत होत्या.

आणि ज्या हॉस्पिटलात मी वाचले, ते तरी कसं उभं राहिलं? मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. मेहरबाईंचा तो प्रसिद्ध ज्युबिली हिरा त्यांच्या पश्चात विकला गेला आणि पैसा दोराबजींच्या ट्रस्टकडे आला. त्याच ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचं हॉस्पिटल सुरू केलं. एका घरातलं दुःख, पण त्यातून किती घरांचे दिवे राहिले!

मी घरी आले. पावसाळ्याचे दिवस होते, नदीचं पाणी बाजारात आलेलं, ह्यांचं दुकान आवरायची धांदल. डोक्यावर स्कार्फ बांधून मीही उभी राहिले. कोणी जवळ येईना. एका घरी तर मला वेगळ्या कपातून चहा दिला. हा आजार शिवण्यानं, उष्ट्यानं होत नाही, हे किती जणींना सांगितलं असेल! सासूबाई मात्र माझ्याच ताटात जेवायला बसल्या. सत्तरीतली, शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई. त्यांनी व्याख्यान दिलं नाही, फक्त घास घेतला.

दुसऱ्या वर्षी आमच्या बाजूच्या वाडीतल्या एका बाईला तोंडाचा कॅन्सर निघाला. लहानपणापासून मशेरी लावायची सवय. आपल्याकडे पुरुषाच्या गुटख्यावर सगळे बोलतात. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदीही आली. पण बाईच्या मशेरीवर कोण बोलतो? तीही तंबाखूच, तव्यावर भाजलेली. नवरा मजुरी करणारा. त्याच्याकडे परळला जायचं भाडंसुद्धा नव्हतं. मी ठरवलं, पैसे उभे करायचे.

ठरवलं खरं, पण दुसऱ्याच्या दारात जाऊन हात पसरायचा? घशाशी शब्द अडायचे. बी. ए.ला मराठीत पहिला वर्ग मिळवलेली मी, पण चार वाक्यं जुळेनात! सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘गो, मागूक कसली लाज? तू काय तुझ्या पोटाक मागतंस?’’

त्याच जोरावर आम्ही पाच जणी निघालो. पहिल्या संक्रांतीला वाणाचे पैसे डब्यात. मग जत्रेच्या दिवसांत एका दशावतारी मंडळींनी मानधन न घेता नाटक केलं. गणपतीत मुंबईकर मंडळाची पावती पुस्तकं फिरली. फणसपोळी, कुळथाचं पीठ, कोकमाचं आगळ करून विकलं. अडतीस हजार चारशे रुपये जमले. आमच्यासाठी तो हिराच होता!

पण ती बाई वाचली नाही. आजार फार पुढं गेला होता. पाच महिन्यांत गेली.

त्या दिवसांत बाजारातून जाताना कानावर यायचं, ‘‘पैसे पाण्यात गेले.’’ एकानं तोंडावर विचारलं, ‘‘मरणारच होती, तर एवढी वर्गणी कशाला काढलीत?’’ मला उत्तर सुचलं नाही. मी वाचले आणि ती गेली, याचंही मनाला लागून राहिलं होतं. तिच्या घरावरून जायचं टाळायची. असं अपराधी वाटणं बऱ्याच बऱ्या झालेल्यांना होतं, हे नंतर समुपदेशक बाईंनी सांगितलं. तेव्हा ते कळत नव्हतं.

तेराव्यानंतर एका संध्याकाळी तिची मुलगी दारात उभी. कॉलेजात जाणारी पोर. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात कागदात गुंडाळलेले सहा हजार एकशे पन्नास रुपये आणि सगळ्या पावत्या. एसटीच्या तिकिटांसकट! म्हणाली, ‘‘काकी, हे उरले. आईनं सांगितलं होतं, दुसऱ्या कोणाला तरी द्या. आणि काकी, पैसे फुकट गेले नाहीत हां. शेवटच्या दिवसांत दुखणं कमी व्हायचं औषध मिळालं. ती शांत झोपायची.’’

त्या सहा हजार एकशे पन्नास रुपयांतून आमचा ‘परळ’ डबा सुरू झाला. बाजारात कोण काय बोलतं, याची मला नंतर कधी पर्वा वाटली नाही. बरं करणं हाताबाहेर गेलं, तरी दुखणं कमी करणं हातात असतं, आणि तेही उपचारच.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पुढच्या वर्षी एक पावती पुस्तक परतच आलं नाही. ज्या बाईकडे होतं ती म्हणे दिलं, आम्ही म्हणतो मिळालं नाही. गावात कुजबुज सुरू झाली, माझ्या नव्या साडीवरसुद्धा बोट दाखवलं गेलं! तीन आठवड्यांनी ते पुस्तक आमच्याच शिलाई मशीनच्या खणात मिळालं. चूक माझीच. मी महिला मंडळाच्या बैठकीत उभी राहून त्या बाईची माफी मागितली. दुखऱ्या मनानं का होईना, तिनं ती स्वीकारली. तेव्हापासून आमचे नियम कडक आहेत. प्रत्येक पुस्तकाला नंबर, बँकेत दोघींच्या सह्यांचं खातं आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च देवळाच्या फळ्यावर. मैत्रिणींनो, तुम्हीही असं काही करणार असाल, तर नोंदणीकृत संस्था नसताना लोकवर्गणी काढण्यासाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं, हे ध्यानात ठेवा. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळं याच कलम ४१ क खाली परवानगी घेतात. चांगल्या कामाला हिशेबाची गरज नाही, असं समजू नका. उलट चांगल्या कामालाच जास्त असते.

आणखी एक धडा मिळाला तो बॅनरचा. एकदा काही उत्साही मुलांनी एका आजारी मुलाचा, नळ्या लावलेला फोटो मोठा करून नाक्यावर लावला. पैसे भराभर जमले. पण ते पोर बरं होऊन शाळेत गेलं, तेव्हा वर्गात सगळे त्याला ‘बॅनरवाला’ म्हणायला लागले. तेव्हापासून आम्ही फोटो लावत नाही. नावही सांगत नाही. फोटो लावायचाच तर माझा लावा, असं मी मुलांना सांगितलं, तोही हसरा, केस आलेला! माझ्या फोटोनं पैसे जरा कमी जमतात, पण चालेल.

टेरी फॉक्सची गोष्ट मी त्या मुलांना मुद्दाम सांगते. कॅनडातला हा पोरगा. १९७७ मध्ये हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. वॉर्डातल्या इतर मुलांचे हाल पाहून त्यानं ठरवलं, देशभर धावायचं आणि संशोधनासाठी पैसे गोळा करायचे. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायावर त्यानं धावायला सुरुवात केली. सुरुवातीला कित्येक ठिकाणी कोणी फिरकलंही नाही. पण पोर्ट-ओ-बास्क नावाच्या दहा हजार वस्तीच्या लहानशा गावानं त्याला दहा हजार डॉलर काढून दिले. माणशी एक डॉलर! १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर आजार फुफ्फुसात पसरला आणि त्याला थांबावं लागलं. पण फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४१ लाख डॉलर जमले होते. म्हणजे त्या वेळच्या कॅनडात माणशी एक डॉलर. जूनमध्ये तो गेला, अवघ्या बावीसाव्या वर्षी. त्याच्या नावाची दौड आजही जगभर होते. त्याला कोणी म्हणालं असेल का, ‘पैसे पाण्यात गेले’?

आमच्या डब्यातून नेमकं काय होतं, असं लोक विचारतात. उपचाराच्या मोठ्या खर्चाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, मुख्यमंत्री साहाय्यता निधी आहे, सिद्धिविनायक न्यासाची मदत आहे. आम्ही कागद जुळवून देतो. रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत मिळते, तिचा फॉर्म भरून देतो. पण योजनेत न बसणारं बरंच काही उरतं. सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेली मजुरी, बाहेर करावी लागणारी एखादी तपासणी, घरी राहिलेल्या मुलांच्या वह्या. उपचार अर्धवट सुटतात ते बहुतेक वेळा अशा बारीक खर्चांपायीच. डबा त्यासाठी.

गेली दोन वर्षं मात्र डब्यातले निम्मे पैसे आम्ही तपासणीसाठी ठेवतो. जीप ठरवायची आणि वाड्यावाड्यांतल्या बायकांना तपासणीला न्यायचं. यामागंही कारण आहे. आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आणि टाटाच्या डॉक्टरांनी १,३१,७४६ ग्रामीण बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये तो जगभर गाजला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात, या रोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले! मुंबईच्या वस्त्यांमध्ये फक्त व्हिनेगर लावून, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी तपासण्या केल्या, तिथंही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ना मोठं यंत्र, ना मोठा डॉक्टर. आपल्यासारख्याच बायकांनी केलेलं काम हे. आपल्या देशात २०२२ मध्ये अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा आणि १ लाख २७ हजार बायकांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. यातल्या कितीतरी जणी माझ्यासारख्याच गणपती होऊ दे, नवरात्र होऊ दे म्हणत थांबल्या असतील.

म्हणून कळकळीनं सांगते. तिशीनंतर तपासणी करून घ्या. न दुखणारी गाठ, बोंडातून येणारा स्राव, पाळी गेल्यावर जाणारं रक्त, तोंडातला पंधरा दिवसांत बरा न होणारा व्रण किंवा पांढरा चट्टा, यातलं काहीही दिसलं तर लाजू नका, थांबू नका. एका डॉक्टरानं तपासणी न करता ‘काही नाही’ म्हटलं, तर दुसऱ्याकडे जा. दोन महिने व्हिटॅमिनच्या गोळ्या खाऊ नका!

हे सगळं ऐकून ती नवी सून गप्प बसली. मग पर्समधून पैसे काढून डब्यात टाकले आणि निघाली. दाराशी जाऊन परत फिरली. हळूच म्हणाली, ‘‘काकी, माझी आई मशेरी लावते. तिच्या गालात आतून पांढरं झालंय. कोणाला सांगायचं नाही म्हणते.’’

पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघी तपासणीला गेलो. सुदैवानं अगदी सुरुवातीचा चट्टा निघाला, कर्करोग नव्हता. डॉक्टर दर काही महिन्यांनी बघणार आहेत. मशेरी सुटली का, असं विचाराल, तर तो झगडा अजून चालू आहे. मायलेकींचा रोज फोनवर! पण लेक हटणारी नाही.

आणि हो, आमची धाकटी यंदा दहावीला बसतेय. देवाकडे मागितलेली सात वर्षं पुरी झाली. आता ह्यापुढचं जे मिळेल ते वरकड. ते डब्यात टाकायचं, एवढंच ठरवलंय.